दमा आणि देहाचे वजन

गिरणगावाला धाप नवी नाही. परळ-लालबागच्या गिरण्यांत ब्लो-रूम आणि कार्डिंग खात्यातली कापसाची धूळ छातीत जाई आणि सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळून येई. त्या रोगाचे नाव बिसिनोसिस; तो दमा नव्हे, पण दम्याचा शेजारी. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्या कामगारांची कित्येक मुले आज पहारेकऱ्याच्या खुर्चीवर किंवा टॅक्सीत बारा-बारा तास बसून काढतात. कापसाची धूळ गेली, पोट सुटले, आणि धाप राहिलीच. अशा माणसाला दवाखान्यात पुष्कळदा एकच वाक्य ऐकावे लागते : ‘वजन कमी करा.’ त्यात खरे किती आणि अपुरे किती, ते पाहू.

आपली छाती म्हणजे लोहाराचा भाता. तिच्या तळाशी मध्यपटल नावाचा स्नायूचा पडदा असतो. तो खाली सरकला की हवा आत येते. पोटात चरबी साचली की ती या पडद्याला वर रेटते. छातीवरची चरबी बरगड्यांना नीट फुलू देत नाही. साधा श्वास सोडल्यावर फुप्फुसात जी हवा शिल्लक राहावयास हवी, ती कमी पडते आणि तळाकडच्या बारीक श्वासनलिका मिटू लागतात. दम्यात या नलिका आधीच सुजलेल्या. त्यात ही भर. शिवाय चरबी हे नुसते ओझे नव्हे. दाह वाढवणारी द्रव्ये ती रक्तात सोडते. काही स्थूल रुग्णांना पंपातले स्टेरॉइड इतरांइतके लागू पडत नाही, ते यामुळेही.

उलट बाजूही आहे. धाप लागते म्हणून माणूस चालणे टाळतो. दमा बळावला की स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात. त्या वारंवार घेतल्या की भूक आणि वजन वाढते. असा हा रहाट फिरत राहतो.

तो थांबवता येतो. आपल्या देशातल्या मापाने ५ फूट ३ इंच उंचीचा माणूस सुमारे ६४ किलोंपासून स्थूल गणला जातो. पण एकदम तिथवर उतरायला हवे असे नाही. वजनाचे शंभरात पाच ते दहा भाग कमी झाले, म्हणजे ८० किलोंचा माणूस ७४ वर आला, तरी अनेकांचा दमा अधिक आटोक्यात येतो.

मात्र लठ्ठ माणसाची प्रत्येक धाप दम्याची नसते आणि प्रत्येक दमा लठ्ठपणाचा नसतो. म्हणून नळीत जोराने फुंकून करावयाची स्पायरोमेट्री आधी मागून घ्यावी. वजन उतरत असतानाही डॉक्टरांना विचारल्यावाचून पंप सोडू नये. आणि उपाशी राहून देह वाळवू नये. कृश माणसाचे फुप्फुसही दुबळेच पडते.

राहिला प्रश्न दोषाचा. बारा तास बसून काम, उभ्या-उभ्या वडापाव आणि अपुरी झोप, यांतून वजन वाढते. ते एकट्या माणसाच्या आळसाचे फळ नव्हे. आठ तासांची पाळी आणि जेवणाची सुटी यांची मागणी आपण पगारासाठी करतो, तशीच ती श्वासासाठीही केली पाहिजे.