शेगावचे गेलेले केस आणि मागे उरलेले समज

डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ या दोन महिन्यांत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, कठोरा, हिंगणा अशा गावांत एकच तक्रार घरोघर ऐकू येऊ लागली. आधी डोकं खाजतं, मग केस राठ होतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी नुसता हात फिरवला तरी पुंजके हातात येतात. आकडा वाढत अठरा गावं आणि २७९ माणसांपर्यंत गेला. त्यात म्हातारे होते, शाळकरी पोरं होती, लग्नाच्या मुली होत्या. आरोग्य खात्याची पथकं आली, आयसीएमआरचे शास्त्रज्ञ आले, रक्त-लघवी-केसांचे नमुने गेले. नमुन्यांचे निकाल यायच्या आधी नाव मात्र ठरून गेलं: टक्कल व्हायरस.

त्या नावाने फार नुकसान केलं. न्हावी कात्री लावायला कचरू लागले, मुलं शाळा-कॉलेजात जाईनात, ठरलेल्या सोयरिकी अडल्या. आणि हे सगळं ज्या गोष्टीच्या भीतीने झालं, ती गोष्ट तिथे नव्हतीच. या केसगळतीत विषाणू सापडला नाही. एकाकडून दुसऱ्याला लागण झाल्याचा माग लागत नव्हता. एका घरातले तिघे आजारी पडले म्हणजे आजार संसर्गाचाच, हे अनुमान आपण फार चटकन काढतो. तिघांचा कणगीतला गहू एक असतो, हंडा एक असतो, हे लक्षात येत नाही.

बुरशीचा संशय पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनाही आला होता, आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता, कारण खाज होती. पण डोक्याच्या बुरशीची रीत वेगळी. ती बहुधा लहान मुलांना होते, डोक्यावर गोल चकत्या पडतात, खवले धरतात, आणि हे सगळं सावकाश चालतं. चार दिवसांत अख्खं डोकं साफ करणं तिला जमत नाही.

पाण्याचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद ही सगळी पूर्णेच्या खोऱ्यातली खारपाण पट्ट्याची गावं. इथल्या विहिरीचं पाणी खारट, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि मूत्रपिंडाच्या रोगाची भीती लोकांच्या मनात कायम. तेव्हा "पाणीच भोवलं" असं गावकऱ्यांनी म्हटलं यात नवल नाही. तपासणीत क्षार आणि नायट्रेट जास्त निघाले तेव्हा तर जणू शिक्कामोर्तब झालं. पण नायट्रेटचा मुख्य धोका तान्ह्या बाळांच्या रक्ताला असतो, मोठ्यांच्या केसांना नव्हे. दुसरं म्हणजे हे पाणी आजोबा-पणजोबांपासूनचं आहे. पिढ्यान्‌पिढ्या जे प्यालं जातं, त्याने केस एकाच डिसेंबरात का गळावेत? शिसं, आर्सेनिक यांसारखे जड धातूही पाण्यात सापडले नाहीत. खारपाणाची तक्रार खरी आहे, तिला वेगळा इलाज हवा, पण या गुन्ह्यात तिला गोवण्यात अर्थ नाही.

कालक्रम हाच इथला सगळ्यात मोठा पुरावा होता, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी झाली. बाळंतपण, टायफॉइड, जबर ताप, मोठा धक्का यांनंतर केस गळतात ते दोन-तीन महिन्यांनी, विंचरताना, विरळ होत. मुळं विसाव्याच्या अवस्थेत जातात आणि मग केस सोडतात. इथे वाढता केसच दिवसांत तुटत होता. अशी गळती कॅन्सरच्या औषधांनी होते, थॅलियमसारख्या विषाने होते, नाहीतर सेलेनियम हद्दीबाहेर पोटात गेल्याने होते. केसाचा चिवटपणा गंधकाच्या जोडांवर उभा असतो. सेलेनियम हे गंधकाचं भावंडच, ते त्याची जागा घेतं आणि जोड कच्चे राहतात. नखंही त्याच मालाची, म्हणून तीही धोक्यात.

इथे डॉ. हिंमतराव बावस्कर आले. हे मूळचे शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, दवाखाना रायगडातल्या महाडला. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध चालतं हे त्यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मधून जगाला सांगितलं होतं. पदरच्या पैशाने त्यांनी नमुने ठाण्याच्या प्रयोगशाळेत तपासून घेतले. नेहमीच्या तुलनेत रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट निघालं आणि जस्त मात्र कमी. रेशनच्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम होतं. तुलनेसाठी धरलेली पातळी १.९.

हा आकडा पोळीत मोजून पाहू. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरतं, आणि ४०० च्या वर रोज जाऊ नये असं मानतात. या गव्हाच्या २०० ग्रॅम पिठात, म्हणजे पाच-सहा पोळ्यांत, सुमारे २,९०० मायक्रोग्रॅम भरतं. चीनच्या हुपेई प्रांतात एन्शी इथे १९६० च्या दशकात गावंच्या गावं केस आणि नखं गमावून बसली होती. तिथे रोज जवळपास ५,००० मायक्रोग्रॅम पोटात जात असावं असा हिशेब नंतर मांडला गेला. अमेरिकेत २००८ साली एका पूरक द्रवात चुकून ठरल्याच्या २०० पट सेलेनियम पडलं आणि २०१ माणसं आजारी पडली. अतिसार, थकवा आणि केसगळती हीच त्यांची रड. शेगावचं चित्र या ओळीत बसतं.

"मग गहू धुऊन घ्यायचा" हा सल्ला फार फिरला. धुतलेल्या गव्हात १३.६१ मिलिग्रॅम उरलं. सेलेनियम दाण्याला चिकटलेलं नाही, झाडाने मातीतून ओढून दाण्यात साठवलेलं आहे. तेव्हा पाखडा, धुवा, वाळवा, फरक पडत नाही.

आता "पंजाबचा गहू विषारी" या समजाकडे वळावं लागेल, कारण तो अर्धा खरा आहे. नवांशहर आणि होशियारपूर जिल्ह्यांतल्या काही पट्ट्यांत मातीत सेलेनियम फार आहे. शिवालिकच्या टेकड्यांवरून पाण्याबरोबर आलेला गाळ त्याला कारण मानतात. तिथल्या म्हशींचे खूर आणि शेपट्या झडण्यामागे सेलेनियम असल्याचं लुधियानाच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी आधीच दाखवलं होतं. पण तो पट्टा म्हणजे अख्खा पंजाब नव्हे. रेशनचा गहू अनेक मंडयांतून येतो, गोदामात मिसळतो. शेगावच्या दुकानातली गोणी कुठल्या शेतातून आली, ही साखळी अजून कागदावर कडी-कडीने जोडलेली नाही. हा गहू पंजाबातून आला असं बावस्करांनी मांडलं, ते सबळ अनुमान आहे. माझ्या मते विषाचं नाव पटण्याजोगं आहे, विषाचा पत्ता अजून तपासण्याजोगा आहे. शिवाय नमुने थोडे होते. त्याच घरात तेच पीठ खाऊन ज्यांचे केस शाबूत राहिले, त्यांच्या रक्तात काय होतं, हे मोजल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

थोडक्यात आवरण्यासारखा एक समज: सेलेनियम म्हणजे विषच. तसं नाही. ते अगदी कमी पडलं तर हृदय खंगतं. चीनमध्ये अशा आजाराला केशान या ठिकाणाचं नाव मिळालंय. कोंड्याच्या शाम्पूतलं सेलेनियमही घाबरण्यासारखं नाही, ते कातडीतून फारसं आत जात नाही. घाबरायचंच तर दुसऱ्या गोष्टीला: केस गळाले की लोक मेडिकलमधून "केसांच्या गोळ्या" आणतात, आणि त्यातल्या कित्येकांत सेलेनियम असतं. डबीमागचा बारीक मजकूर वाचायची सवय आपल्याला नाही.

टक्कल कायमचं, ही भीतीही फोल निघाली. सेलेनियमने मूळ जळत नाही, केस फक्त तुटतो. काही आठवड्यांत अनेकांच्या डोक्यावर नवे केस दिसू लागले.

पण एप्रिल २०२५ मध्ये याच भागातून नखं ठिसूळ होऊन गळाल्याच्या तक्रारी आल्या. बोटाचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. डिसेंबरात मुळाशी झालेली इजा एप्रिलपर्यंत टोकाकडे सरकलेली असणार. तेव्हा ही जुन्या गव्हाचीच उधारी होती, की तशाच गव्हाची आणखी एक गोणी त्या घरांत पोचली होती? मुळापासून टोकापर्यंत नखाचे तुकडे करून प्रत्येकातलं सेलेनियम मोजलं, तर विष कुठल्या महिन्यात आलं आणि कधी थांबलं, हे बऱ्यापैकी सांगता येतं.