मनाच्या आरोग्याचे वार्षिक दिवस

शिराळ्यात नागपंचमी कधी, हे कुणाला सांगावे लागत नाही. पुढच्या तारखाही शाळा, ग्रामसभा आणि बचत गटांनी अशाच लक्षात ठेवाव्यात.

■ ३० मार्च : जागतिक बायपोलर दिन. हा आजार ज्यांना असावा असे मानले जाते, त्या चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांचा जन्मदिवस.

■ २४ मे : स्किझोफ्रेनिया दिन. याच आजारावर डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने ‘देवराई’ (२००४) हा मराठी चित्रपट निघाला.

■ १० सप्टेंबर : आत्महत्या प्रतिबंध दिन, २००३ पासून. शेतीच्या कर्जाचा ताण असो की परीक्षेचा, वेळीच केलेली विचारपूस जीव वाचवू शकते.

■ २१ सप्टेंबर : अल्झायमर दिन. घरातल्या वृद्धांचा वाढता विसराळूपणा ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून देऊ नये.

■ १० ऑक्टोबर : जागतिक मानसिक आरोग्य दिन, १९९२ पासून. २०२२ मध्ये याच दिवशी ‘टेलि-मानस’ ही सरकारी फोन-मदतसेवा सुरू झाली.

मदत हवी असल्यास : टेलि-मानस, १४४१६. चोवीस तास, मोफत आणि मराठीतही. वारणाकाठच्या वाडीतूनही हा फोन लावता येतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार सरकारी व्यवस्थेत उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे.