सांभरच्या तळ्यात पाखरे का मेली?

दिवाळी सरली, थंडी पडू लागली की आपल्याकडच्या तळ्यांवर परमुलखातले पाहुणे उतरतात. नांदूरमधमेश्वर असो, जायकवाडी असो की उजनी, थापट्या, चक्रवाक, तलवार बदक असे कितीतरी पक्षी हिमालय ओलांडून येतात आणि उन्हाळा लागला की परत जातात. बांधावर उभे राहून मुलांना ही पाखरे दाखवणारे आईबाप आमच्या वाचकांत पुष्कळ असतील. याच पाखरांची भावंडे नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानात सांभरच्या तळ्याकाठी हजारोंनी मरून पडली होती. ती कशाने मेली हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण तळी आपल्याकडेही आहेत आणि तळ्याकाठी राहणारी माणसे तर बहुतेक आपलीच आहेत.

सांभर हे भारतातले सर्वात मोठे खाऱ्या पाण्याचे अंतर्गत तळे. जयपूर, नागौर आणि अजमेर या भागांत ते पसरलेले आहे आणि शेकडो वर्षांपासून तिथे मीठ पिकवले जाते. कडक उन्हात अनवाणी पायांनी मीठ ओढणाऱ्या मजुरांच्या जिवावर हा धंदा चालत आला आहे. १९९० साली या तळ्याला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळाले. तळे उथळ आहे. पाऊस कमी झाला तर बराचसा भाग नुसता पांढरा फट्ट मिठाचा माळ होतो.

२०१९ चा पावसाळा मात्र दांडगा झाला. कित्येक वर्षे कोरड्या राहिलेल्या तळाच्या भागापर्यंत पाणी पोहोचले. पाणी आले, त्यातला खारटपणा उतरला, बारीक किडे, शिंपल्यांतले जीव, पाण्यातले सूक्ष्म प्राणी वाढले. पाखरांना मेजवानीच मिळाली. नोव्हेंबरच्या सुमारास पाणी ओसरू लागले तसा खारटपणा पुन्हा चढला, ते बारीक जीव मेले आणि उथळ चिखलात कुजू लागले. खरे संकट इथून सुरू झाले.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तळ्यावर गेलेल्यांना काठाने पाखरांचा खच दिसला. थापट्या, चक्रवाक, उचाट्या, शेकाट्या, चिखल्या अशा कितीतरी जातींची ती पाखरे होती. काही मेलेली, काही जिवंत, पण उडता येत नव्हते, चालता येत नव्हते, पोहताही येत नव्हते. पंख लोळागोळा झालेले, पाय लुळे पडलेले आणि मान जमिनीला टेकलेली. पाण्यात असलेली पाखरे तर मान वर धरता न आल्यामुळे बुडून मेली. पोहण्यासाठीच जन्मलेले बदक वीतभर पाण्यात बुडून मरावे, याहून वाईट मरण ते कोणते?

पहिला संशय अर्थातच बर्ड फ्लूवर गेला. भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने तपासणी करून तो रोग नसल्याचे सांगितले. मग बरेलीच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेने निदान केले : पक्ष्यांचा बॉट्युलिझम. तोवर तळ्याकाठून मेलेली पाखरे गोळा करून पुरण्याचे काम सुरू झाले होते. राजस्थान उच्च न्यायालयाने आपण होऊन या प्रकरणात लक्ष घातले. अखेर १८,००० हून अधिक पाखरे मेल्याची नोंद झाली. उचलायला उशीर झाला अशी टीका तेव्हा झाली. हा उशीर का महागात पडतो, हे रोगाची रीत पाहिली की कळते.

या रोगाचा जंतू म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम. लॅटिन भाषेत बॉट्युलस म्हणजे मांस भरलेली आतडी. युरोपात असे खारवलेले, साठवलेले मांस खाऊन माणसे लुळी पडून मरत, त्यावरून हे नाव आले. १८९५ साली बेल्जियममधल्या एका खेड्यात अंत्यविधीच्या जेवणात डुकराचे खारवलेले मांस खाऊन वाजंत्री मंडळी आजारी पडली, काही दगावली. त्या मांसातून एमिल व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने हा जंतू शोधून काढला.

हा जंतू हवेत वाढत नाही. त्याला प्राणवायू नसलेली जागा लागते : कुजलेला चिखल, मेलेल्या प्राण्याचे पोट. चिखलात तो बीजाणूंच्या रूपाने, म्हणजे टणक कवचात झोपी गेल्यासारखा, वर्षानुवर्षे पडून राहतो. ऊब मिळाली, कुजणारे मांस मिळाले, प्राणवायू संपला की जागा होतो आणि विष तयार करतो. मारतो तो जंतू नव्हे, त्याचे विष. मेंदूकडून आलेला हुकूम नसेच्या टोकाशी स्नायूला पोहोचवला जातो, तेथेच हे विष वाट अडवते. हुकूम निघतो, पण स्नायूपर्यंत पोहोचत नाही. पाखरू शुद्धीवर असते, डोळे उघडे असतात, पण मान उचलली जात नाही.

आता खरी गोम. मेलेल्या पाखरावर माशा बसतात, अंडी घालतात, अळ्या होतात. अळ्यांना या विषाचा काहीच त्रास होत नाही, पण विष त्यांच्या अंगात साठते. दुसरे भुकेले बदक येते, त्या गुबगुबीत अळ्या टिपते, आणि थोड्याशाच अळ्या त्याला पुरतात. ते मरते, त्याच्यावर पुन्हा माशा बसतात. म्हणजे एक मेलेले पाखरू दहांना मारते आणि ते दहा शंभरांना. सांभरला मेलेली पाखरे बहुतेक किडे-अळ्या, शिंपले खाणारी होती, नुसत्या वनस्पती खाणारी नव्हती, हे तपासनीसांनी मुद्दाम नोंदवले ते याच कारणाने. रोज सकाळी मेलेली पाखरे उचलून पुरणे वा जाळणे हाच यावरचा सर्वात मोठा उपाय. एरवी कुणी त्याला औषध म्हणणार नाही, पण साथ तुटते ती त्यानेच.

मासे यात कुठे येतात, असे वाचक विचारतील. त्यासाठी अमेरिकेत जावे लागेल. कॅलिफोर्नियात सॉल्टन सी नावाचे खारे तळे आहे. १९०५ साली कोलोरॅडो नदीचे पाणी कालवा फोडून एका खोलगट भागात शिरले आणि हे तळे झाले. त्यात तिलापिया मासा भरपूर वाढला. १९९६ च्या उन्हाळ्यात तिथे १५,००० हून अधिक पाखरे मेली, त्यांत हजारो पांढरे पाणकोळी आणि हजारावर तपकिरी पाणकोळी. पाणकोळी अळ्या खात नाही, मासे खातो. तेव्हा विष आले कुठून? आजारी तिलापियात व्हिब्रिओ जातीच्या जंतूंचा संसर्ग सापडला, आणि त्यांच्या पोटात बॉट्युलिझमचे विषही. आजारी मासा वरवर, हळू पोहतो. पाणकोळ्याला तो आयताच मिळतो. आधी मासा आजारी, मग पाखरू, असा हा साखळीचा खेळ.

अमेरिकेतली आणखी एक हकिकत सांगितल्यावाचून राहवत नाही. १९१० च्या सुमारास युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या दलदलीत बदके फार मोठ्या प्रमाणावर मेली. तज्ज्ञ म्हणाले, पाण्यातल्या क्षारांनी मेली. तळे खारे, मग दोष मिठाचाच, असे साधे गणित. वीस वर्षे हेच मत पुढे चालले. १९३० साली संशोधकांनी दाखवून दिले की हा बॉट्युलिझम आहे. शिकलेल्या माणसांनीही वीस वर्षे चूक केली, आणि ती सुधारली ती पुन्हा तपासूनच. आपल्याकडे तळ्यात मासे मेले की कुणी कोप झाला म्हणतो, कुणी उतारा करतो. आम्ही त्या माणसांना हसत नाही, पण उताऱ्याला लागलेल्या वेळात दहा मेलेले मासे उचलून झाले असते.

माणसाला याचा धोका किती? पाखरांत आढळणारा क प्रकार माणसाला सहसा बाधत नाही. तरी मेलेले बदक वा तरंगता मासा घरी आणणे हा शुद्ध वेडेपणा आहे, कारण तो बॉट्युलिझमनेच मेला की आणखी कशाने, हे डोळ्यांनी दिसत नाही. गरिबीत फुकटचे कालवण सोडवत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. पाण्यात प्राणवायू कमी पडला तरी मासे मरतात, शेतातल्या औषधाने मरतात, आणि अशक्त माशांना एरोमोनास नावाचा जंतू झाला तर अंगावर लाल चट्टे येतात, पोट फुगते. असा मासा बाजारात स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

तळ्याकाठी एकाच वेळी बरीच पाखरे किंवा मासे मेलेले दिसले तर उघड्या हातांनी शिवू नये, पोरांना आणि कुत्र्यांना लांब ठेवावे, आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात व ग्रामपंचायतीत कळवावे. मान टाकलेले पण जिवंत पाखरू दिसले तर आशा सोडू नये. सांभरला काचरोदा येथे आजारी पाखरांसाठी केंद्र उघडले होते. विष थोडे असेल तर सावली, स्वच्छ पाणी आणि दोन-चार दिवसांची शुश्रूषा मिळाल्यावर कित्येक पाखरे पुन्हा उभी राहतात.

२०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सांभरला पुन्हा हीच साथ आली, शेकडो पाखरे मेली. जंतू चिखलातच होता. आणि घरी कोंबड्या पाळणाऱ्या भगिनींनी एवढे जरूर करावे : उकिरड्यावर मेलेली कोंबडी वा उंदीर टाकू नये, खोल पुरावा. अळ्या टिपणाऱ्या कोंबडीलाही हाच रोग होतो आणि तीही तशीच मान टाकते.