दुबईला गेलेली माणसं तिथेच राहतात का?

१९७५च्या जनगणनेत दुबईची लोकसंख्या होती जेमतेम १ लाख ८३ हजार. २०२४ संपेपर्यंत ती ३८ लाखांच्या पुढे गेली, आणि २०४०पर्यंत ५८ लाख माणसं राहतील असं धरून शहराचा आराखडा आखला गेला आहे. या गर्दीत खेड, चिपळूण, श्रीवर्धन, म्हसळ्याचे लोक पूर्वीपासून आहेत. आता पुण्या-नागपूरचे इंजिनिअर, नर्स, अकाउंटंटही मोठ्या संख्येनं आहेत. निघताना घरचे प्रत्येकाला विचारतात, "परत कधी येणार? की तिकडचाच होणार?" उत्तर बहुधा ऐकीव माहितीवर दिलं जातं आणि मुलांची शाळा, गावच्या घराचं कर्ज, आई-वडिलांचं म्हातारपण असे मोठे निर्णय त्याच उत्तरावर घेतले जातात. म्हणून ही ऐकीव माहिती तपासून घेणं गरजेचं आहे.

गैरसमज : शहर एवढं वाढतंय, म्हणजे गेलेले सगळे तिथेच स्थिरावतात.

वस्तुस्थिती : लोकसंख्या वाढते ती येणारे जाणाऱ्यांपेक्षा जास्त असतात म्हणून. जाणारेही थोडेथोडके नसतात. केरळमध्ये १९९८पासून स्थलांतराचं सर्वेक्षण नियमित होत आलं आहे. २०२३च्या सर्वेक्षणात परदेशी असलेले सुमारे २२ लाख मल्याळी मोजले गेले. त्यांतले बहुसंख्य आखाती देशांत आहेत. त्याच वेळी परदेशातून कायमचे परतलेले सुमारे १८ लाख जण केरळात राहत होते. करोनाकाळात नोकऱ्या गेल्यानं परतणाऱ्यांचा आकडा फुगला हे खरं, पण २०१८मध्येही तो १२ लाखांच्या वर होता. हे आकडे एकट्या दुबईचे नाहीत, तरी आखाताची रीत त्यांतून कळते : तिथे राहणारी पिढी आणि परतलेली पिढी दोन्ही सारख्याच खऱ्या आहेत.

गैरसमज : तिथलं ऊन सोसत नाही, म्हणून लोक परत येतात.

वस्तुस्थिती : जून ते सप्टेंबर पारा चाळिशीच्या आसपास असतो, आणि समुद्रावरच्या दमट हवेमुळे रात्रीही उकाडा हटत नाही. पण कार्यालयात काम करणाऱ्याच्या वाट्याला हे ऊन थोडंच येतं. घर, गाडी, मेट्रो, मॉल आणि कित्येक बसथांबेसुद्धा वातानुकूलित आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी असते आणि अनेक कुटुंबं गावी येतात.

खरा त्रास होतो तो बांधकामावर आणि रस्त्यावर राबणाऱ्यांना. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्यानं बंदी आहे. ही बंदी चांगली आहे, पण सकाळी दहाचं ऊनही तिथे भाजून काढतं. तरीही हे कामगार उन्हाला कंटाळून परतत नाहीत. कंत्राट संपलं, अंगात काम करण्याची ताकद उरली नाही किंवा घरचं कर्ज फिटलं की ते परततात. म्हणजे परतीचा महिना हवामान ठरवत नाही, व्हिसा आणि पैसा ठरवतात.

गैरसमज : पंधरा-वीस वर्षं काढली की तिथलं नागरिकत्व मिळतं.

वस्तुस्थिती : वर्षं मोजून मिळेल असं नागरिकत्व सर्वसामान्य स्थलांतरिताला तिथे नाही. परदेशी आई-वडिलांच्या पोटी दुबईत जन्मलेलं मूल आई-वडिलांच्याच देशाचं नागरिक राहतं. जानेवारी २०२१मध्ये संयुक्त अरब अमिरातीनं गुंतवणूकदार, डॉक्टर, शास्त्रज्ञ, कलावंत अशा मोजक्यांना नागरिकत्व देण्याची वाट उघडली. पण त्यासाठी तिथल्या सत्ताधाऱ्यांकडून किंवा मंत्रिमंडळाकडून शिफारस व्हावी लागते, आपला आपण अर्ज करता येत नाही. शिवाय भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणजे ते मिळालंच तर भारताचं सोडावं लागणार.

बाकी सगळे राहतात ते व्हिसावर, आणि नोकरीचा व्हिसा साधारण दोन वर्षांनी नव्यानं करावा लागतो. नोकरी गेली की व्हिसाही जातो. पूर्वी त्यानंतर जेमतेम महिनाभर मिळायचा. २०२२च्या सुधारणांनंतर व्हिसाच्या प्रकाराप्रमाणे साधारण ६० ते १८० दिवस मिळतात. २०२३पासून बेकारी विमाही सक्तीचा झाला असून त्यातून मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. हा आधार मोठा आहे, पण तो नवी नोकरी शोधायला आहे. वीस वर्षांचा संसार आवरायला तो पुरत नाही.

गैरसमज : फ्लॅट घेतला, गोल्डन व्हिसा मिळाला, म्हणजे कायमचे झालो.

वस्तुस्थिती : ठरावीक भागांत परदेशी माणसाला मालकीहक्कानं घर घेता येतं. हे २००२मध्ये सुरू झालं आणि २००६मध्ये त्याला कायद्याचं बळ मिळालं. पण मालकीहक्क आणि राहण्याचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. किमान २० लाख दिरहमची मालमत्ता असेल तर दहा वर्षांच्या गोल्डन व्हिसासाठी अर्ज करता येतो. या व्हिसाचं बळ नक्कीच मोठं आहे. तो नोकरी देणाऱ्यावर अवलंबून नसतो, आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहिलं तर साधा व्हिसा रद्द होतो, तसा तो होत नाही. तरी तो नूतनीकरणाचा व्हिसा आहे आणि पात्रता टिकली तरच पुढे चालतो. पंचावन्न वर्षांपुढच्यांसाठी पाच वर्षांचा निवृत्ती व्हिसाही आहे. त्यासाठीही मालमत्ता, ठेवी किंवा दरमहा उत्पन्न दाखवावं लागतं.

मुलांच्या बाबतीत तर अनेक पालक बेसावध राहतात. अविवाहित मुलीला वडिलांच्या व्हिसावर वयाची अट नाही, मुलाला मात्र पंचविसाव्या वर्षापर्यंतच राहता येतं. तिथेच जन्मलेल्या, तिथेच शिकलेल्या मुलालासुद्धा त्यानंतर स्वतःची नोकरी आणि स्वतःचा व्हिसा मिळवावा लागतो.

गैरसमज : पगारावर कर नाही, दोन-चार वर्षांत पैसा जमवून परत येऊ.

वस्तुस्थिती : पगारावर प्राप्तिकर नाही हे खरं. पण घरभाडं वर्षभराचं ठरतं आणि ते एक, दोन किंवा चार चेकनं आगाऊ द्यावं लागतं. जितके चेक जास्त, तितकं भाडं बहुतेकदा चढं. वीज-पाण्याच्या बिलात वार्षिक भाड्याच्या ५ टक्के घरपट्टी हप्त्याहप्त्यानं येते. इमारत 'चिलर-फ्री' नसेल तर गारव्याचं बिल वेगळं. मुलांची शाळा खासगी, तिची फी आणि बसचे पैसे दर सत्राला भरावे लागतात. कुटुंब सोबत नेलं की शिल्लक झपाट्यानं घटते आणि दोन वर्षांची बारा होतात. ज्यांचा पगार ४ हजार दिरहमच्याही खाली असतो, त्यांना कुटुंब नेण्याचा व्हिसाच सहसा मिळत नाही. कोकणातल्या कितीतरी घरांत बाप पंचवीस वर्षं आखातात आणि आई-मुलं गावी, हे त्यामुळेच घडलं.

तिथे परदेशी नोकरदाराला पेन्शन नाही. नोकरी सोडताना मिळते ती ग्रॅच्युइटी, आणि ती मूळ पगारावर मोजतात, हातात येणाऱ्या पूर्ण पगारावर नाही. पहिली पाच वर्षं दर वर्षामागे २१ दिवसांचा पगार, पुढे ३० दिवसांचा. समजा, मूळ पगार ६ हजार दिरहम, म्हणजे रोजचे २०० आणि नोकरी दहा वर्षांची. पहिल्या पाच वर्षांचे २१ हजार, पुढच्या पाचांचे ३० हजार, एकूण ५१ हजार दिरहम. दहा वर्षांच्या नोकरीनंतर हाती आला तो साडेआठ महिन्यांचा मूळ पगार. म्हातारपणाची तरतूद यावर होत नाही. ती दरमहा स्वतःच बाजूला काढावी लागते, पहिल्या पगारापासून.

गैरसमज : परत आला म्हणजे तिकडे जमलं नाही.

वस्तुस्थिती : हा गैरसमज सगळ्यात जास्त घरं पोखरतो. लोक काय म्हणतील या धास्तीनं नोकरी गेलेली माणसं क्रेडिट कार्डावर दिवस काढतात. कर्ज थकलं आणि प्रकरण न्यायालयात गेलं, तर देश सोडायलाच बंदी येऊ शकते. मग परतायचं ठरवूनही परतता येत नाही. जिथे बहुतेकांचं राहणं कायद्यानंच मुदतीचं आहे, तिथून परतणं हा प्रवासाचा ठरलेला टप्पा आहे. त्यात कमीपणा कसला?

म्हणून मूळ प्रश्नाचं उत्तर असं : दुबईत माणसं पुष्कळ काळ राहतात, ठरवलं होतं त्याहून कितीतरी जास्त राहतात, पण कायमची राहणारी फार थोडी. जाणाऱ्यानं परतीची तयारी जातानाच सुरू करावी. दर वेळी व्हिसा नव्यानं करताना तीन गोष्टी लिहून काढाव्यात : आज नोकरी गेली तर किती महिने पुरेल एवढी शिल्लक आहे, डोक्यावर तिथलं कर्ज किती आहे आणि मुलं पुढच्या दोन वर्षांत कोणत्या इयत्तेत असतील. दहावीच्या किंवा बारावीच्या ऐन वर्षात शाळा बदलावी लागली तर त्याची किंमत मूल मोजतं. ही उत्तरं जोडीदाराला आणि गावच्या आई-वडिलांनाही खरीखरी सांगावीत. त्यांनीही आपलं आयुष्य त्याच मुदतीवर बेतलेलं असतं.