घरगाडीवरील नळीचें व केबलचें रीळ

ठाण्याहून काशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे येऊं लागलें म्हणजे काल्हेर लागतें. येथील भाताचीं खाचरें बरीचशीं गोदामांखालीं गेलीं. ज्याच्याकडे अद्याप चार झाडांचा मळा शिल्लक आहे, त्याच्या मनांत कृषिपर्यटनाचा विचार येणें स्वाभाविक आहे. राज्य शासनानेंही २०२० सालीं कृषिपर्यटनाचें व २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. कॅराव्हॅन म्हणजे निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेली फिरती घरगाडी. ती मुक्कामास आली कीं यजमानाकडून तिला पाणी व वीज हीं दोन हवीं असतात. यासाठीं गाडीस जी नळी व जी केबल लागते, ती गुंडाळण्यास मोटारीनें फिरणारीं रिळें बसवितां येतात. चिखलानें माखलेली नळी हातांनीं गोळा करण्याचा ज्यास अनुभव आहे, त्यास या सोयीचें मोल सांगावयास नको.

रीळ कसें असावें हें भिवंडीकरांस निराळें शिकविण्याचें कारण नाहीं. यंत्रमागाच्या कांडीवर सूत एकाच जागीं चढलें तर तें अडकतें व तुटतें. नळीचेंही तसेंच आहे. रीळ फिरत असतां नळीस डावीकडून उजवीकडे व पुन्हां उलट नेणारा मार्गदर्शक नसेल, तर तिचा एका बाजूस ढीग होतो, आंतले फेरे दबतात आणि पुढील खेपेस ओढतांना ती अडते. मोटार व मार्गदर्शक यांपैकीं एकाच गोष्टीपुरता पैसा असेल, तर आमच्या मतें तो मार्गदर्शकावर खर्चावा व रीळ हातानें फिरवावें.

परंतु खरा विचार केबलचा करावयाचा आहे. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची पंचवीस मीटर केबल घ्या. तिच्यांतून १६ अँपिअर प्रवाह जाऊं लागला म्हणजे जाण्यायेण्याच्या दोन्ही तारा मिळून सुमारें ९५ वॅट उष्णता उत्पन्न होते. दीड चौरस मिलिमीटरच्या स्वस्त केबलमध्यें हाच आंकडा १५५ वर जातो. वातानुकूलन यंत्र, गिझर व विजेची शेगडी एकदम चालविणारास १६ अँपिअर कांहीं फार नव्हेत. केबल जमिनीवर पसरलेली असेल तर ही उष्णता वारा घेऊन जातो. तीच रिळावर थरावर थर बसलेली असेल तर उष्णता आंतल्या फेऱ्यांत कोंडते, वेष्टन मऊ होतें, आणि तारा एकमेकींस भिडून आग लागण्याचा प्रसंग येतो. चांगल्या रिळांवर गुंडाळलेल्या व उलगडलेल्या स्थितींत किती भार चालेल याचे दोन निराळे आंकडे छापलेले असतात, ते याचसाठीं. मोटारीच्या रिळाचा मोह नेमका येथें घात करितो. हवी तेवढीच केबल ओढावी, बाकीची आंत राहूं द्यावी, असें वाटतें. गाडी खांबापासून तीन मीटरवर उभी असली तरी सबंध केबल बाहेर काढून सैल पसरावी.

रीळ फिरतें व गाडी स्थिर. मग वीज आंत कशी जावी? त्यासाठीं फिरत्या धातूच्या कड्यांवर ब्रश टेकलेले असतात. आमच्या खाडीकांठच्या खाऱ्या, दमट हवेंत हीं कडीं काळवंडतात, आणि काळवंडलेला स्पर्श तापतो. त्यापेक्षां केबलचें आंतील टोंक साध्या प्लगनें जोडावें व गुंडाळण्यापूर्वीं काढून घ्यावें. असें केल्यानें वीज चालू असतां रीळ फिरविणेंच अशक्य होतें.

मोटार गाडीच्या बारा व्होल्ट बॅटरीवर चालते. १२० वॅटची मोटार १० अँपिअर घेते, म्हणून तिची तार जाड व फ्यूज बॅटरीलगत असावा. बटण दाबून धरीपर्यंतच रीळ फिरावें. शेवटचा हातभर तुकडा हातीं धरून आंत सोडावा. मोकळा सुटलेला जड प्लग जवळ उभ्या असलेल्या पोराच्या तोंडावर बसावयाचा.

नळी व केबल एका कप्प्यांत नसाव्यात. जागाच नसेल तर केबल वर, नळी खालीं, मध्यें पत्रा व तळाशीं निचऱ्यास भोंक ठेवावें. अर्धा इंची पंचवीस मीटर नळींत सुमारें तीन लिटर पाणी राहतें. तें उन्हानें कोंबट होऊन बसतें. तें आधीं झाडास सोडावें, मग टांकी भरावी.

आतां यजमानाची बाजू. गाडी रबरी टायरांवर उभी असते. तिच्या पत्र्यास जमिनीशीं जोडणारा भरंवशाचा मार्ग म्हणजे केबलमधील हिरवी तार एवढाच. आपल्या खांबावर अर्थिंग नसेल, तर पत्र्यांत उतरलेली वीज ओल्या पायांनीं पायरी चढणाऱ्याच्या देहांतून जमिनींत जाईल. म्हणून अर्थिंग तपासून घ्यावें, आणि ३० मिलिअँपिअर गळती होतांच वीज तोडणारा स्विच बसवून त्याचें चांचणीचें बटण वरचेवर दाबून पाहावें.

दप्तरांत आयुष्य गेलेल्या माणसाच्या नजरेस आणखी एक गोष्ट येते. शेतीपंपाच्या जोडणीवरून पाहुण्याच्या गाडीस वीज देऊं नये. २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या कलम १२६ प्रमाणें मंजूर कारणाखेरीज केलेला वापर अनधिकृत ठरतो व त्याची आकारणी लागू दराच्या दुपटीनें होते. निराळी जोडणी रीतसर घ्यावी. खांबावर झांकणाचा १६ अँपिअरचा सॉकेट कंबरेइतक्या उंचीवर, भरतीचें पाणी व पावसाचा लोट पोहोंचणार नाहीं अशा जागीं बसवावा, आणि पाण्याची तोटी त्यापासून निदान चार हात दूर काढावी.