टंगस्टन अक्रिय वायू वितळजोडकाम
टंगस्टनाचे न वितळणारे विद्युत् अग्र व कार्यवस्तू यांच्यामध्ये प्रज्योत निर्माण करून, वितळलेल्या धातूभोवती आर्गॉनाचे आवरण ठेवून सांधा जोडण्याची पद्धत. रसेल मेरेडिथ यांनी अमेरिकेत विमानांतील मॅग्नेशियमाच्या जोडकामासाठी ती विकसित केली व १९४२ मध्ये तिचे एकस्व मिळविले.

साध्या प्रज्योत यंत्रास टॉर्च, आर्गॉनाचा सिलिंडर व प्रवाहमापक जोडून ते या कामी वापरता येते. मात्र धातूनुसार वीजपुरवठा बदलावा लागतो. पोलाद, अगंज पोलाद व तांबे यांसाठी एकदिश प्रवाह वापरून अग्र ऋण ठेवतात. त्यामुळे सु. दोन-तृतीयांश उष्णता कार्यवस्तूत जाते. अग्र धन केल्यास तेच तापून वितळू लागते. म्हणून केवळ रोहित्र असलेल्या यंत्रास एकदिशकारक जोडतात. ॲल्युमिनियम ६६०° से. ला वितळते, परंतु त्यावरील ऑक्साइडाचा थर सु. २,०५०° से. पर्यंत टिकतो. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या ज्या अर्धचक्रात अग्र धन असते, त्यात हा थर फुटतो. दर अर्धचक्राअखेर प्रवाह शून्य होत असल्याने प्रज्योत टिकविण्यासाठी उच्च कंप्रतेचा विद्युत् दाब देणारे वेगळे साधन लागते.

महापे परिसरातील औद्योगिक पट्ट्यात असलेल्या रासायनिक कारखान्यांसारख्या ठिकाणी अगंज पोलादाचे नळ जोडताना नळाच्या आतही आर्गॉन भरावा लागतो. अन्यथा सांध्याच्या मुळाशी ऑक्सिडीभवन होऊन तेथून क्षरण सुरू होते. आर्गॉन गंधहीन व हवेपेक्षा जड असल्याने बंद टाकीत साचतो आणि कामगार नकळत गुदमरतो. क्लोरीनयुक्त विद्रावकाने पुसलेल्या भागाजवळ प्रज्योत पेटविल्यास फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो. म्हणून वायुवीजन व भाग पूर्ण कोरडा करणे आवश्यक असते.