सडकी केळी आणि जंगलाचे 11 तुकडे

फुलपाखरांवरच्या प्रत्येक शोधनिबंधात 'पद्धती' नावाचा एक सोवळा परिच्छेद असतो. 'सापळ्यात आंबवलेल्या फळांचं आमिष वापरलं', एवढंच त्यात लिहितात. केळी आणि उसाचा रस डब्यात कुजत ठेवला की त्या डब्याच्या शेजारी झोपणाऱ्याचे काय हाल होतात, ते छापायची पद्धत नाही. फुलांकडे ढुंकूनही न बघता सडक्या फळांवर आणि शेणामुतावर ताव मारणारी फुलपाखरं असतात, ही गोष्ट कवींना परवडणारी नाही. मोजणाऱ्यांचं काम मात्र त्यांच्यामुळेच सोपं होतं. जाळीचं एक उभं नळकांडं टांगायचं, खाली आमिषाची बशी ठेवायची. पोट भरलं की फुलपाखरू वरच्या दिशेनं उडतं. त्याच्या या एका सवयीवर सगळा सापळा चालतो.

पण मला सांगायचाय तो किस्सा याहून मोठ्या सापळ्याचा आहे.

1970च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञांमध्ये कडाक्याचं भांडण जुंपलं होतं: अभयारण्य एकच मोठं असावं की लहान लहान पुष्कळ? दोन्ही बाजूंकडे गणितं होती, पुरावा कुणाकडेच नव्हता. टॉमस लव्हजॉय हा मूळचा पक्ष्यांचा अभ्यासक, गळ्यात बो-टाय बांधणारा. ब्राझीलमध्ये मानाउसच्या उत्तरेला सरकारी सवलती घेऊन गुरांसाठी कुरणं तयार करण्याचा सपाटा चालू होता. कायदा म्हणत होता, निम्मं जंगल राखा. लव्हजॉयनं त्यातून वाट काढली. राखायचंच आहे ना, मग आम्ही सांगतो तसे चौकोन राखा! एक हेक्टर, दहा हेक्टर, शंभर हेक्टर. 1979 साली ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉन संशोधन संस्थेबरोबर काम सुरू झालं. खरी गंमत अशी की इथं झाडं पडण्याआधीच आतले जीव मोजायला सुरुवात झाली. एरवी आपण जंगल तुटल्यावर वही घेऊन पोचतो.

प्रयोगाची करवत मात्र शास्त्रज्ञांच्या हातात नव्हती, कुरणवाल्यांच्या होती. कुठलं जंगल केव्हा पाडायचं, जाळायचं की नाही, हे ते ठरवणार. पुढे सवलती आटल्या, गुरं परवडेनात, कुरणं ओस पडली. ठरले होते त्याहून कमी, फक्त 11 तुकडे वेगळे झाले. मग नवंच संकट उभं राहिलं. सोडून दिलेल्या कुरणात झाडोरा उगवला आणि तुकडे पुन्हा एकमेकांना जोडले जाऊ लागले. जंगल वाचवायला निघालेल्या या मंडळींना स्वतःच्याच प्रयोगासाठी तुकड्यांभोवतीचा पट्टा अधूनमधून तोडून साफ करावा लागला आहे. एवढा उपरोध कादंबरीकारालाही सुचला नसता.

'कॅम्प 41' नावाच्या तिथल्या तळावर लव्हजॉय अमेरिकी सिनेटर आणून झोळ्यांत झोपवायचा. अल गोर येऊन गेले, टॉम क्रूझही. विज्ञानाला पैसा कुठून येतो, त्याचाही हा एक नमुना.

आता फुलपाखरं. कीथ ब्राऊन आणि रॉजर हचिंग्ज यांनी या तुकड्यांतली फुलपाखरं मोजली, 1997 साली ते प्रसिद्ध झालं. जंगल तुटल्यावर जाती घटतील, असंच कुणीही धरून चालेल. त्या वाढल्या! कुरणाच्या बाजूनं ऊन आत शिरलं, त्यामागोमाग ऊन आवडणारी, कुठंही भागवून घेणारी फुलपाखरं आली. गर्द सावलीतली, खास जंगलातली मात्र मागे हटली. यादी लांबली आणि जंगल गेलं.

तिथल्या नोंदींनुसार उघड्यावरची फुलपाखरं कडेपासून सुमारे 250 मीटर आत शिरतात. कागदावर चौकोन काढून बघा. एक हेक्टर म्हणजे 100 मीटर बाजूचा चौकोन, म्हणजे तो सगळाच कड. दहा हेक्टरचा मध्यसुद्धा कडेपासून 160 मीटरच्या आत. शंभर हेक्टरांतून चहूबाजूंनी 250 मीटर वजा केले की खरं 'आत' उरतं ते जेमतेम 25 हेक्टर.

आतल्यांची दुनिया मोठी विचित्र असते. लष्करी मुंग्यांची धाड निघते. तिच्यापुढे पळणारे किडे टिपायला ठरावीक पक्षी मागे लागतात. आणि त्या पक्ष्यांच्या विष्ठेसाठी इथोमिनी गटातली काही फुलपाखरं त्या धाडीबरोबर फिरतात. एक आणि दहा हेक्टरच्या तुकड्यांतून हे मुंग्यांमागचे पक्षी निघून गेले. ती वरात कुठल्या यादीत दिसणार?

यावरून कुरणाला खलनायक ठरवू नका. इंग्लंडात 'लार्ज ब्लू' या निळ्या फुलपाखराला संग्राहकांपासून वाचवायला कुंपण घातलं गेलं, तेव्हा मेंढ्याही बाहेर राहिल्या. गवत वाढलं, जमीन गारठली. या फुलपाखराची अळी ज्या लाल मुंगीच्या वारुळात पोसली जाते, तिला उन्हानं तापलेली जमीन लागते. अभ्यासक जेरेमी टॉमस यांनी हे धागे जुळवेपर्यंत उशीर झाला. 1979 साली ब्रिटनमधून हे फुलपाखरू नाहीसं झालं. नंतर चरण्याचं गणित जमवून स्वीडनहून आणलेल्या अळ्यांवर ते पुन्हा उभं करावं लागलं. आपल्या माळावरच्या रुईवर वाढणारं 'प्लेन टायगर' तरी गर्द रानात कुठं सापडतं?

म्हणून एक विनंती. देवराईत, गायरानात किंवा रस्त्यासाठी चिरलेल्या घाटात फुलपाखरांची मोजणी होते आणि 'इथं एवढ्या जाती सापडल्या' अशी बातमी येते, तेव्हा आकड्यावर थांबू नका. यादी मागा. त्यात सावलीतली किती आणि उन्हातली किती, हे विचारा. आणि मोजणी झाडं पडण्याआधीची की नंतरची, तेही.